अहवालावरचे ९९ टक्के: गर्भारपणातली डीएनए चाचणी नेमकं काय सांगते?

अहवाल हातात पडतो. वर ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं, ‘ट्रायसोमी २१: हाय रिस्क’. खाली बारीक अक्षरांत चाचणीची अचूकता, ९९ टक्क्यांहून अधिक. वाचणारा या दोन ओळी जोडतो आणि मनातल्या मनात हिशोब करून मोकळा होतो की बाळाला डाऊन सिंड्रोम असण्याची शक्यता ९९ टक्के आहे. हिशोब बरोबर वाटतो, पण तो चुकलेला असतो, आणि तोही थोडाथोडका नाही. आई पंचविशीतली असेल तर खरा आकडा निम्म्याच्याही खाली निघू शकतो.

हा लेख मुख्यतः त्या एका आकड्यासाठी लिहिला आहे. पण तिथवर जायचं तर आधी एक गोष्ट समजून घ्यावी लागते. पोटाला सुई न लावता, आईच्या दंडातून काढलेल्या दोन चमचे रक्तात बाळाबद्दल काही कळतंच कसं? या चाचणीला दवाखान्यात सगळे एनआयपीटी म्हणतात, तेव्हा आपणही तेच म्हणू.

रक्तात तरंगणारे कपटे

आपल्या शरीरात रोज अब्जावधी पेशी मरतात आणि तितक्याच नव्या तयार होतात. पेशी मेली की तिच्यातला डीएनए कापला जातो आणि त्याचे बारीक तुकडे रक्तात उतरतात. पेशीबाहेर, रक्तद्रवात मोकळा फिरणारा हा डीएनए मांडेल आणि मेते या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांना १९४८ सालीच सापडला होता. पण तेव्हा डीएनएची रचनासुद्धा कुणाला ठाऊक नव्हती. त्यामुळे या शोधाचं करायचं काय, हे कळायला बराच काळ जावा लागला.

गर्भारपणात या कपट्यांमध्ये भर पडते ती वारेची. वार, म्हणजेच प्लॅसेंटा, एका बाजूने गर्भाशयाच्या भिंतीत रुजलेली असते आणि दुसऱ्या बाजूने नाळेवाटे बाळाशी जोडलेली असते. तिच्या पेशी सतत झडत असतात, आणि तिचा आईकडचा भाग आईच्याच रक्तात बुडालेला असल्यामुळे त्यांचे तुकडे सरळ तिच्या रक्तात मिसळतात. दहाव्या आठवड्याच्या सुमारास आईच्या रक्तातल्या मोकळ्या डीएनएपैकी साधारण दहावा हिस्सा वारेकडून आलेला असतो. उरलेले नऊ हिस्से आईचे स्वतःचे.

हे तुकडे असतात तरी किती लहान! माणसाचा पूर्ण जनुकसंच सुमारे ३०० कोटी अक्षरांचा (डीएनएच्या साखळीतली एकेक कडी म्हणजे एक अक्षर), आणि त्यातला एकेक कपटा जेमतेम दीडशे अक्षरांचा. आईचा तुकडा बहुधा १६६ अक्षरांच्या आसपास भरतो, वारेचा त्याहून जरासा आखूड, १४३ च्या आसपास.

या कपट्यांवर नजर जायला उशीर झाला, कारण संशोधक शोधत होते अख्ख्या पेशी. गर्भाकडचं काहीतरी आईच्या शरीरात शिरतं हे माहीत होतंच. जर्मन रोगतज्ज्ञ गेऑर्ग श्मोर्ल यांनी १८९३ मध्ये, गर्भारपणात झटके येऊन दगावलेल्या स्त्रियांच्या फुप्फुसांत वारेच्या पेशी पाहिल्या होत्या. म्हणून पुढे अनेकांनी आईच्या रक्तात बाळाच्या पेशी हुडकण्यात उमेदीची वर्षं घालवली. अडचणी दोन होत्या. एक तर या पेशी फारच थोड्या, एक मिलिलिटर रक्तात मोजून काही. दुसरं म्हणजे त्या घर सोडायला तयार नसतात. मुलाला जन्म देऊन २७ वर्षं झालेल्या एका स्त्रीच्या रक्तातही पुरुष-गुणसूत्र असलेल्या पेशी सापडल्याचं १९९६ मध्ये प्रसिद्ध झालं. मग हाती लागलेली पेशी आत्ताच्या बाळाची की थोरल्याची, हे ठरवायचं कसं?

हाँगकाँगचे डेनिस लो हे ऑक्सफर्डमध्ये आठ वर्षं याच पेशींच्या मागे होते. १९९६ मध्ये त्यांच्या वाचनात आलं की कॅन्सरच्या गाठीचा डीएनए रुग्णाच्या रक्तद्रवात सापडतो. एवढीशी गाठ जर रक्तात डीएनए सोडत असेल, तर पोटात वाढणारं अख्खं बाळ का सोडणार नाही, असा प्रश्न त्यांना पडला. म्हणजे इतकी वर्षं पेशी गाळून जो द्रव मोरीत ओतला जात होता, नेमका त्यातच ऐवज होता. आता या द्रवातून डीएनए काढायचा कसा? लोंनी तो उकळला. विद्यार्थी असताना झटपट नूडल्स उकळून खायची सवय होती, त्यावरून हे सुचलं असं ते स्वतः सांगतात.

तपासणीसाठी त्यांनी वाय गुणसूत्र निवडलं. कारण साधं आहे. आईकडे वाय नसतोच, तेव्हा तो तिच्या रक्तात दिसला तर आला कुठून याबद्दल वाद उरत नाही. मुलगा पोटात असलेल्या ३० स्त्रियांपैकी २४ जणींच्या रक्तद्रवात वायचे तुकडे सापडले. हा शोधनिबंध १९९७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. २०२२ मध्ये लोंना याच कामासाठी लास्कर पुरस्कार मिळाला.

आणखी एक सोय या तुकड्यांनी आपणहून करून दिली. पेशी वर्षानुवर्षं मुक्काम ठोकतात, पण तुकडे मात्र काही मिनिटांत निम्मे होतात आणि बाळंतपणानंतर काही तासांत आईच्या रक्तातून नाहीसे होतात. त्यामुळे थोरल्या भावंडाचा डीएनए धाकट्याच्या चाचणीत लुडबुडत नाही.

मोजणीचं गणित

प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. एखाद्या जोडीत दोनाऐवजी तीन प्रती आल्या की त्याला ट्रायसोमी म्हणतात. २१ वं गुणसूत्र तीनदा आलं तर डाऊन सिंड्रोम, १८ वं आलं तर एडवर्ड्स सिंड्रोम आणि १३ वं आलं तर पटाऊ सिंड्रोम. शेवटच्या दोन्हींत बाळाची स्थिती बहुधा फार गंभीर असते. डाऊन सिंड्रोमचं तसं नाही. त्याच्याकडे शेवटी येऊ.

आईच्या वयाचा संबंध इथे येतो. स्त्रीबीजं ती स्वतः आपल्या आईच्या पोटात असतानाच तयार झालेली असतात. त्यांचं विभाजन सुरू होतं आणि मध्येच थांबतं, ते थेट बीज पक्व होऊन बाहेर पडेपर्यंत. म्हणजे चाळिशीतल्या बाईचं बीज चाळीस वर्षं तसंच ताटकळलेलं असतं. इतक्या काळात गुणसूत्रांच्या जोड्या धरून ठेवणारे बंध सैल होतात आणि वाटणीत गडबड होण्याचा संभव वाढतो. पंचविशीत डाऊन सिंड्रोमची शक्यता साधारण १,२५० त एक असते, पस्तिशीत ३५० त एक, चाळिशीत १०० त एक. हा निव्वळ बीजाच्या वयाचा परिणाम आहे. आईने काय खाल्लं, काय उचललं, ग्रहणात काय केलं, याचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही.

आता चाचणी. प्रयोगशाळेत आईच्या रक्तातले लाखो तुकडे वाचले जातात आणि प्रत्येक तुकडा कोणत्या गुणसूत्राचा हे संगणक ओळखतो. गंमत म्हणजे यातले आईचे कोणते आणि वारेचे कोणते, हे वेगळं करायची गरज पडत नाही. नुसते मोजायचे. हाँगकाँग आणि स्टॅनफर्ड इथल्या दोन गटांनी २००८ मध्ये हे करून दाखवलं, आणि २०११ पासून चाचणी बाजारात आली.

नुसतं मोजून काय कळतं, ते आकड्यांतच पाहू. समजा १० लाख तुकडे वाचले. २१ वं गुणसूत्र लहान आहे, त्यामुळे त्याच्या वाट्याला साधारण १.३ टक्के, म्हणजे १३,००० तुकडे येतील. यांतला दहावा हिस्सा, १,३००, वारेचा. आता वारेत या गुणसूत्राच्या दोनाऐवजी तीन प्रती असतील, तर १,३०० च्या जागी दीडपट, १,९५० तुकडे येतील. एकूण संख्या १३,००० वरून १३,६५० होईल. इतक्या मोठ्या मोजणीत योगायोगाने शंभर-सव्वाशे इकडेतिकडे होतातच, पण साडेसहाशेची वाढ योगायोगाने होत नाही. संगणक खूण करतो.

हेच गणित वारेचा हिस्सा चार टक्के धरून करून पाहा. वारेचे तुकडे ५२०, तीन प्रती असल्यास ७८०. वाढ फक्त २६०. आता मात्र कान टवकारून ऐकावं लागतं. हिस्सा दोन टक्क्यांवर आला तर वाढ उरते १३० ची, म्हणजे नेहमीच्या चढउताराइतकीच. तीन प्रती असूनही त्या गोंगाटात हरवून जातील.

वारेच्या या हिश्श्याला अहवालात ‘फीटल फ्रॅक्शन’ म्हणतात. माझ्या मते संपूर्ण कागदावर सगळ्यात आधी वाचायची ओळ हीच, आणि सगळ्यात कमी वाचली जातेही हीच. चाचणी सहसा दहाव्या आठवड्याआधी करत नाहीत त्याचं कारण हेच. हा आठवडा शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजलेला, त्यामुळे आधी सोनोग्राफी करून दिवस पक्के केलेले बरे. आईचं वजन जास्त असेल तर तिचा स्वतःचा डीएनए रक्तात अधिक उतरतो आणि वारेचा हिस्सा पातळ होतो. अशा वेळी ‘निकाल देता येत नाही’ असं उत्तर येऊ शकतं. पुष्कळदा पुन्हा रक्त दिल्यावर निकाल लागतो. पण हे उत्तर ‘ठीकच असेल’ असं समजून बाजूला ठेवू नये. १८ आणि १३ च्या ट्रायसोमीत वार अनेकदा लहान राहते, त्यामुळे तिचा हिस्साही कमी पडतो. निकाल न लागणं हीसुद्धा कधीकधी एक सूचना असते.

सगळ्या प्रयोगशाळा नुसती मोजणी करतात असंही नाही. काही ठिकाणी आई आणि बाळ यांच्या डीएनएतले ठरावीक अक्षरांचे फरक तपासून उत्तर काढतात. तपशिलात शिरायला नको. मात्र जुळं असेल, दात्याचं बीज वापरलं असेल, आईचं कधी अवयवरोपण झालं असेल किंवा तिला नुकतंच रक्त चढवलं असेल, तर रक्त देण्याआधीच हे सांगून टाकावं. तिथे दुसऱ्याच कुणाचा डीएनए मोजणीत येऊ शकतो.

वार म्हणजे बाळ नव्हे

जाहिरातीत ‘बाळाचा डीएनए’ म्हणतात. आतापर्यंत मी मात्र मुद्दाम ‘वारेचा’ म्हणत आलो आहे.

वार आणि बाळ एकाच फलित बीजातून येतात, त्यामुळे दोघांची गुणसूत्रं बहुधा सारखीच असतात. बहुधा. पहिल्या काही दिवसांतच पेशींचे दोन गट पडतात. एकातून वार घडते, दुसऱ्यातून बाळ. या फाट्यानंतर वारेकडच्या एखाद्या पेशीत विभाजनाची चूक झाली, तर वारेचा काही भाग तीन प्रतींचा होतो आणि बाळ मात्र निर्दोष राहतं. वारेचा तुकडा काढून केलेल्या तपासण्यांत शंभरात एकदोनदा वार आणि बाळ यांच्यात असा फरक आढळतो. एनआयपीटीने अशा वेळी खोटं सांगितलेलं नसतं. तिने वारेबद्दलचं खरं सांगितलं, आपण ते बाळाबद्दलचं समजलो. उलटही घडतं, पण क्वचित. बाळात दोष असतो आणि वारेत दिसत नाही.

चुकीच्या इशाऱ्याची आणखी कारणं आहेत. सुरुवातीला जुळं असतं आणि त्यातला एक गर्भ लवकरच विरून जातो. त्याच्यात गुणसूत्रांचा दोष असेल तर त्याचे तुकडे पुढे काही आठवडे रक्तात येत राहतात. कधी आईच्याच काही पेशींत एक्स गुणसूत्राची एक प्रत कमी असते, वयानुसार ते होतं, आणि ठपका बाळावर येतो.

आणि कधी, फारच क्वचित, गोंधळ आईच्या शरीरातल्या गाठीचा असतो. लोंना कल्पना सुचली होती ती कॅन्सरवरून, आणि चाचणी फिरून तिथेच येऊन पोचली! गाठही रक्तात तुकडे सोडते आणि तिची गुणसूत्रं तर पार विस्कटलेली असतात. एकाच वेळी अनेक गुणसूत्रांत चढउतार दिसले की तज्ज्ञांच्या मनात ही शंका येते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी असे विचित्र निकाल आलेल्या १०७ स्त्रियांची नीट तपासणी केली. त्यांतल्या ५२ जणींना कॅन्सर निघाला, आणि अनेकींना कसलंही लक्षण नव्हतं. हा अभ्यास २०२४ च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. नेहमीच्या ‘ट्रायसोमी २१ हाय रिस्क’ अहवालाशी याचा काही संबंध नाही, म्हणून उगाच धास्ती घेऊ नये. पण ‘अनेक गुणसूत्रांत बदल’ असं लिहून आलं तर प्रश्न बाळापुरता राहत नाही.

आता तो आकडा

९९ टक्के म्हणजे काय, ते आधी स्पष्ट करू. दोष असलेल्या १०० गर्भांपैकी ९९ चाचणीला सापडतात, असा त्याचा अर्थ. प्रश्न सुरू होतो गर्भाकडून, ‘दोष आहे, तर सापडेल का?’ तुमचा प्रश्न नेमका उलट्या टोकाचा आहे. ‘चाचणीने बोट दाखवलंय, तर दोष खरंच आहे का?’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पोलिसांच्या कुत्र्याला प्रत्येक चोराचा वास येतो, म्हणून तो ज्याच्यावर भुंकला तो चोरच, असं होत नाही. कुत्रा कधीमधी साध्या माणसावरही भुंकत असेल आणि गावात चोर दोनचारच असतील, तर भुंकण्याचा मोठा वाटा साध्या माणसांच्याच वाट्याला येणार.

उदाहरणापुरतं धरू की दोष असलेल्यांपैकी ९९ टक्के चाचणीला सापडतात आणि दोष नसलेल्या दर हजारातल्या एकीवर ती उगाच भुंकते. डाऊन सिंड्रोमसाठीचे प्रत्यक्ष आकडे याच्या जवळपासच आहेत.

पंचविशीतल्या एक लाख गरोदर स्त्रिया घ्या. १,२५० त एक या हिशोबाने ८० जणींच्या गर्भात दोष असेल. त्यांतल्या ७९ सापडतील. उरलेल्या ९९,९२० निर्दोष गर्भांपैकी हजारी एक म्हणजे सुमारे १०० जणींना चुकून ‘हाय रिस्क’ येईल. एकूण १७९ अहवाल ‘हाय रिस्क’चे, त्यांतले ७९ खरे. म्हणजे ४४ टक्के. निम्म्याहून अधिक बायकांच्या पोटातलं बाळ ठीक आहे आणि हातात मात्र तोच कागद आहे.

आता चाळिशीतल्या एक लाख स्त्रिया. दोष १,००० जणींत, सापडले ९९०, चुकून आलेले ९९. इथे ‘हाय रिस्क’पैकी ९१ टक्के खरे. चाचणी तीच, यंत्र तेच, अचूकता तीच, पण कागदाचं वजन दुप्पट झालं.

आणि दोष अधिक दुर्मीळ असेल तर? समजा १०,००० त एक. लाखात दहाजणी, त्या सगळ्या सापडल्या असं धरलं तरी चुकून आलेल्या शंभरांपुढे त्या दहा. ‘हाय रिस्क’ अहवालांपैकी जेमतेम नऊ टक्के खरे. पंचविशीतल्या आईला ट्रायसोमी १३ चा इशारा आला की गणित साधारण या वळणाचं असतं.

चाचणी वाईट आहे, असा याचा अर्थ काढू नका. याच गणिताची दुसरी बाजू तिच्या बाजूने बोलते. पंचविशीतल्या ज्या ९९,८२१ जणींना ‘लो रिस्क’ आला, त्यांत सुटलेला गर्भ एखादाच. चाळिशीतही सुटणारे दहा हजारात एकच्या आसपास. डबल मार्कर ही रक्ततपासणी आणि बाळाच्या मानेमागची जागा मोजणारी सोनोग्राफी मिळून जी जुनी चाचणी होते, ती शंभरातल्या जवळपास पाचजणींवर बोट ठेवते आणि तरीही दहातला एखादा दोष तिच्या हातून निसटतो. एनआयपीटी आल्यापासून पोटाला सुई लावून घ्यावी लागणाऱ्या बायकांची संख्या खूपच घटली, आणि तिचं खरं श्रेय हेच. ती चाळणी आहे, आणि चाळणी म्हणून उत्तम आहे. खडे वर राहतात. पण वर राहिलेलं सगळं खडेच नसतं.

अनेक प्रयोगशाळा आता अहवालात हा उलटा आकडाही छापतात. ‘पॉझिटिव्ह प्रेडिक्टिव्ह व्हॅल्यू’ किंवा नुसतं ‘पीपीव्ही’ असं लिहिलेलं असतं. छापला नसेल तर डॉक्टरांना थेट विचारावं, ‘माझ्या वयाला या निकालाचा पीपीव्ही किती?’ हा प्रश्न विचारण्यात संकोच वाटायचं कारण नाही.

पॅकेजमधल्या जादा तपासण्यांबद्दल थोडंसं. गुणसूत्राचा एखादा बारीक भागच गळलेला असतो, असे दोषही ही चाचणी शोधू पाहते. त्यांतले बहुतेक इतके दुर्मीळ आहेत की वरच्या गणितानुसार चुकीचे इशारे खऱ्यांना सहज मागे टाकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, एफडीएने, एप्रिल २०२२ मध्ये जाहीर इशारा दिला तो याच संदर्भात. नुसत्या चाळणीच्या निकालावर, खात्रीची तपासणी न करता गर्भपात केले गेल्याच्या घटना आपल्या कानावर आल्याचं त्यात म्हटलं होतं. ‘जास्त दोष तपासतो’ म्हणजे ‘जास्त चांगली चाचणी’ असं समीकरण इथे लागू पडत नाही.

सुईची वेळ

खात्री करायची तर रक्तातले कपटे नव्हे, अख्ख्या पेशी हव्यात. त्यासाठी दोन मार्ग आहेत.

साधारण अकराव्या ते तेराव्या आठवड्यात वारेचा कणभर तुकडा काढतात. याला सीव्हीएस म्हणतात. पंधराव्या आठवड्यानंतर पोटातून सुई घालून थोडं गर्भजल काढतात, ते ॲम्नियोसेंटेसिस. दोन्हींत सुई सोनोग्राफीवर बघत बघत घालतात. सरावलेल्या हातांनी केल्यास यामुळे होणाऱ्या गर्भपाताचा जादा धोका २०० त एकाहून कमी असतो.

सीव्हीएस लवकर होते हा तिचा मोठा गुण. पण ती घेते काय? वारच. आणि शंकाही वारेबद्दलचीच होती. त्यामुळे सोनोग्राफीत बाळ व्यवस्थित दिसत असेल, तर काही तज्ज्ञ गर्भजलाची तपासणी करेपर्यंत थांबायचा सल्ला देतात, कारण त्या पाण्यात बाळाच्या त्वचेवरून आणि मूत्रमार्गातून झडलेल्या पेशी असतात. सोनोग्राफीत आधीच दोष दिसत असतील तर थांबण्यात अर्थ नसतो. दहाव्या आठवड्यात रक्त, आठदहा दिवसांनी निकाल आणि मग पंधराव्याची वाट. हे मधले दिवस सोपे नसतात. ‘काही होत नाही, टेन्शन घेऊ नकोस’ असं म्हणणाऱ्यांपेक्षा पीपीव्ही समजावून सांगणारं एक माणूस या दिवसांत जास्त उपयोगी पडतं. जनुकीय समुपदेशक मिळाला तर जरूर भेटावं.

काय दिसत नाही

‘लो रिस्क’ म्हणजे ‘बाळ सुदृढ’ नव्हे. ही चाचणी प्रामुख्याने मोजकी गुणसूत्रं मोजते. हृदयाला असलेलं छिद्र, फाटलेला ओठ, पाठीच्या कण्यातला दोष यातलं काहीही तिला दिसत नाही. त्यासाठी अठराव्या ते बाविसाव्या आठवड्यातली सोनोग्राफीच लागते. थॅलेसेमिया किंवा सिकलसेल यांसारखे एकाच जनुकातले आजार नेहमीच्या एनआयपीटीत तपासले जात नाहीत. तिथे आधी आईवडिलांची रक्ततपासणी करणं हाच सरळ मार्ग. स्वमग्नता तर कोणत्याच रक्तचाचणीत अशी मोजून मिळत नाही.

लिंग या चाचणीत कळतं. ज्या देशांत ते सांगणं हा गुन्हा आहे, तिथे ते अहवालात छापलं जात नाही. त्यावर याहून जास्त बोलायची गरज नाही.

एक उपयोग मात्र फारसा बोलला जात नाही. आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल, तर बाळाचा पॉझिटिव्ह आहे का, हे याच तुकड्यांवरून ओळखता येतं. डेन्मार्कसह युरोपातल्या काही देशांत हे नेहमीच्या तपासणीचा भाग आहे. बाळाच्या रक्ताविरुद्ध आईच्या शरीरात प्रतिपिंडं तयार होऊ नयेत म्हणून अँटी-डीचं इंजेक्शन देतात. बाळही निगेटिव्ह असेल तर ते द्यावंच लागत नाही.

निकालाआधीचा प्रश्न

रक्त द्यायला जाण्याआधी नवराबायकोने एकमेकांना एक प्रश्न विचारावा. उत्तर ‘हाय रिस्क’ आलं तर आपण काय करणार? सुई लावून घेणार का? आणि खात्री झाली तर? काहीजण पुढची तयारी करता यावी म्हणून चाचणी करतात, काहीजण गर्भारपण पुढे न्यायचं की नाही हे ठरवण्यासाठी. काहींना यातलं काहीच कळून घ्यायचं नसतं, आणि त्यांनी चाचणी नाकारली तर तेही तितकंच रास्त. ही चाचणी सक्तीची नाही, आणि ती न करणारी आई निष्काळजी ठरत नाही.

डाऊन सिंड्रोमबद्दल बोलताना जुनी माहिती डोक्यात ठेवून बोलू नये. अशा व्यक्तींचं सरासरी आयुष्य अमेरिकेत १९८३ च्या सुमारास २५ वर्षं होतं, आज ते ६० च्या आसपास आहे. जवळपास निम्म्या बाळांना हृदयाचा दोष असतो, पण तो बहुतेकदा शस्त्रक्रियेने सुधारता येतो. बौद्धिक वाढ किती मंद राहील हे माणसागणिक वेगळं असतं, आणि ते सांगण्याची ताकद ना एनआयपीटीत आहे, ना गर्भजलाच्या तपासणीत.

शेवटी एक बारीक मुद्दा, तोही मोजणीच्या पद्धतीतूनच आलेला. तुकडे मोजून २१ वं गुणसूत्र जास्त आहे एवढंच कळतं, ते कुठे बसलंय हे कळत नाही. डाऊन सिंड्रोमच्या शंभरातल्या तीनचार बाळांत ही तिसरी प्रत सुटी नसते, दुसऱ्या एखाद्या गुणसूत्राला चिकटलेली असते. अशी जोडणी आई किंवा वडिलांकडून आलेली असू शकते, आणि तसं असेल तर पुढच्या गर्भारपणातही ती पुन्हा येऊ शकते. म्हणून गर्भजल तपासायला देताना दोनतीन दिवसांत येणाऱ्या झटपट उत्तरावर न थांबता गुणसूत्रांचं पूर्ण चित्र, म्हणजे कॅरिओटाइपही करून घ्यावा. त्याला साधारण दोन आठवडे लागतात. त्यात जोडणी दिसली तर मग आईवडिलांनाही रक्त द्यावं लागतं.